सातवा रकाना

संकेश्वरात, स्टँडच्या मागं, झेरॉक्सला लागून
माझं टेबल. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला,
खुर्चीचा मोडका पाय तेवढा तोच.
अर्ज, दाखले, विम्याचे फॉर्म
तीन भाषांत लिहून मिळतील, असं पाटीवर आहे.
पाटी दोनच भाषांत आहे.

सातेरी पाउसकर आला तेव्हा
सदऱ्याला अजून मिरचीचा वास होता.
हायवेच्या वळणावर ट्रॉली गेली, चाळीस पोती,
रस्ता लालभडक,
आणि बंदोबस्ताचे दोन हवालदार, बेंगळूरची बस,
कोल्हापूरचा टेम्पो, उसातनं धावत आलेल्या बाया,
सगळे एकदम शिंकत होते.
शिंकंला काय भाषा असती व्हय, म्हणाला.
पण हसला नाही.

फॉर्म इंग्रजी. सातव्या रकान्यात एकच शब्द,
ओव्हरटर्न,
पुढं प्रश्नचिन्ह, पुढं कोरी रेघ.
"म्हंजे?"

मागचं पुठ्ठं गेलेली डिक्शनरी काढली.
नाव पाण्यात, गाडी रस्त्यावर, सरकार खुर्चीवरनं,
वरच्या कोर्टात खालचा निकाल,
सगळ्यांना हा एकच शब्द पुरतो.
आपल्यात तसं नाही, म्हटलं.
भाकरी उलथायची, घडा पालथा, वाटी उपडी,
बैलगाडी कलंडते
आणि जेवणानंतर माणूसही जरा कलंडतो.
तान्हं पोर पहिल्यांदा पालथं पडलं
की आई गल्लीत गूळ वाटते.

"पल्टी आगेती, बरीरी," दारातनं सर्व्हेअर मडिवाळर.
"पल्टी झाली लिवा की," सातेरी.
दोघांचा मिळून एक शब्द निघाला
आणि मी लिहायला वाकलोसुद्धा.

पण व्याकरण माझं जुनं दुखणं.
ट्रॉली उलटली, म्हटलं
की ती आपली आपण. वळण, खड्डा, नशीब.
उलटवली, म्हटलं
की मध्ये एक व येतो
आणि त्या व-च्या मागं कुणीतरी बसलेला दिसतो,
स्टेअरिंगवर हात ठेवून.
इंग्रजीला हा व नाही.
तिथं तेच क्रियापद दोन्ही दारांनी ये-जा करतं,
कुणी घातलं विचारत नाही.

"कुठलं मांडू?
टली, का टवली?"

सातेरीनं पालथ्या हातानं डोळे पुसले.
"मिरची."

मडिवाळर चहाला म्हणून खाली उतरला.
त्याला मराठी येतं,
हे आम्हा तिघांनाही ठाऊक.

"मेव्हणा हुता धाकटा. सोळावं लागलंय.
सरळ रस्ता हाय म्हटलं,
आणि चालवायला दिली."

त्याही वाक्यात एक व होता.
त्याला तो ऐकू आला असावा,
कारण तो गप्प झाला
आणि टेबलावरची टाचणी नखानं उभी करत बसला.

मला वडील आठवले, शाळामास्तर.
ते अंथरुणात होते तिथंच होते
आणि एका नोव्हेंबरात त्यांच्याखाली
राज्यानं कूस बदलली.
शेवटपर्यंत म्हणायचे, तसं झालं.
केलं म्हणत नसत.
केलं म्हटलं की मागं नाव लिहावं लागतं,
आणि नाव कुणाचं लिहायचं
यावर त्यांचं स्वतःशीच कधी जमलं नाही.

"व घाला," सातेरी म्हणाला.
"पोराचं नाव?"
"तेनं चालवली, ते लिवा. खोटं नको.
पण किल्ली दिली कुणी?
मी.
मग उलटवली मीच की."

कंपनी पैसे देणार नाही, म्हटलं. असं लिहिलं तर.
"ठाव हाय."

रकाना चार बोटांचा.
त्यात दोन माणसं आणि एक किल्ली मावेना.
समासात हातानं लिहिलं, बारीक,
इंग्रजीतच, पण मराठीसारखं लांब.
मडिवाळर परत आला, वाचलं,
काही बोलला नाही, कपातला चहा
बशीत ओतून सातेरीपुढं सरकवला.

फॉर्म पालथा केला.
सहीची जागा मागच्या बाजूला होती.
त्यानं पेन धरलं
आणि त्याच्या बाहीतनं मिरचीचं एक बी
कागदावर पडलं.